जुनेराची वहिवाट

गोदावरीच्या दक्षिणेस, गंगाखेड आणि लोहा यांच्या मधल्या पट्ट्यात पसरलेला पालमचा मुलूख हा काळ्या जमिनीचा, ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख आहे. त्याच्या कडेला गोदेच्या पात्रात जांभूळ बेट आहे, आणि गळाटी नदी पावसाळ्यात जेवढी बेभान होते तेवढाच उन्हाळ्यात या भागात पाण्याचा दुष्काळ पडतो. अशा मुलखात नऊवारी लुगडे ही केवळ अंगावर नेसायची वस्तू नव्हती, तर घरच्या चीजवस्तूंत गणला जाणारा व सावकाश झिजत जाणारा एक ऐवज होता. सणावारी नेसलेले लुगडे पुढे रोजच्या वापरात येई; विरले की चांगले भाग निवडून त्याला दंड घालीत; दंडही उसवला की त्यातून बाळाचे दुपटे, वाकळीचा अस्तर-थर, पाण्याच्या घागरीखालची चुंबळ आणि शेवटी चुलीपुढचे पोतेरे निघे. या उतरंडीत एक पायरी अशी होती की जिचा उच्चार पुरुषांदेखत कधी होत नसे, आणि जिच्यावाचून घरातील एकाही स्त्रीचा महिना पार पडत नसे. ती पायरी म्हणजे मासिक पाळीत वापरायची घडी. आज ज्याला पुनर्वापराचे साधन म्हणून नव्या वेष्टनात विकले जाते, त्याचा या प्रांतातील पूर्वेतिहास या घडीत आहे.

घडी कोणत्या कापडाची करावी, याबद्दलचे ज्ञान सूक्ष्म होते. कोऱ्या कापडाला मागावर किंवा गिरणीत खळ दिलेली असते, आणि ती खळ सुतात मुरून असेपर्यंत कापड पाणी पीत नाही, उलट झटकते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने खळ निघून गेली, सुताचा पीळ सैल झाला आणि पोत मऊ पडला, की तेच कापड ओल झपाट्याने शोषू लागते. तेव्हा या कामासाठी जुनेर वापरण्यामागे काटकसर होती हे खरे, परंतु घरात नवे कापड मुबलक असते तरीही जाणत्या बाईने जुनेरच निवडले असते. कात्री न लावता कड मोकळी करून कापड हाताने टरकावले म्हणजे ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. अशा पट्ट्यांच्या लांबट घड्या घालून त्या कमरेच्या दोऱ्यात पुढेमागे खोवीत, किंवा लंगोटासारख्या बांधीत. मुलीला न्हाण आले की हे सर्व तिला शिकवायचे काम बहुधा आईकडे नसे. ते वहिनीने, काकीने किंवा आजीने, दोन वाक्यांत आणि पाठमोऱ्या बसून उरकायचे असे.

या साधनाचा दुसरा अर्धा भाग स्वतः लुगडेच होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सकच्छ नेसणीचा कासोटा दोन्ही पायांमधून मागे ओढून घट्ट खोचलेला असतो. तो आतल्या घडीला खालून आधार देतो, निंदणीला वाकलेल्या किंवा डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बाईची घडी तो जागेवरून ढळू देत नाही, आणि वर कापडाचे अनेक पदर असल्यामुळे डाग बाहेर येऊ देत नाही. पाचवारी-सहावारी गोल साडी परकरावर नेसण्याची रीत शहरांतून हळूहळू खेड्यांत उतरली तेव्हा सोय व नागरपणा यांचा लाभ झाला खरा, पण घडीचा हा आधार नाहीसा झाला, आणि तिला धरून ठेवण्यासाठी निराळे अंतर्वस्त्र विकत घेणे भाग पडले. वेशांतराचा इतिहास लिहिणारे पदर, काठ आणि रंग यांविषयी पुष्कळ लिहितात; आमच्या मते कासोटा सुटल्याचा परिणाम स्त्रीच्या दैनंदिन जीवनावर काठापदरापेक्षा अधिक झाला.

धुण्याचा शिरस्ताही ठरलेला होता. रक्ताचा डाग प्रथम थंड पाण्यात काढायचा, कारण ऊन पाण्याने त्यातील द्रव्य गोठून डाग पक्का बसतो. हे रसायनशास्त्र कोणत्याही शाळेत न जाता सर्व स्त्रियांना अवगत होते. मग राख किंवा रिठा लावून, दगडावर आपटून, पुन्हा पाण्यातून काढायचे. येथपर्यंतचा विधी निर्दोष आहे. त्यानंतरची पायरी मात्र बिघडलेली होती, आणि सगळा अनर्थ तेथून सुरू होतो. दांडीवर उन्हात वाळवावयाचे ते कापड दुसऱ्या लुगड्याखाली, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीआड किंवा माळवदाच्या तुळईवर दडपून ठेवावयाचे. ते पुरुषाच्या नजरेस पडू नये, त्यावरून साप जाऊ नये, करणी करणारीच्या हाती ते लागू नये. मराठवाड्याचे ऊन वैशाखात माणसाला सावलीत पिटाळते, पण त्या उन्हातील एक चतकोरही या कापडाच्या वाट्याला येत नसे. दमट राहिलेली घडी पुढच्या महिन्यात तशीच अंगाशी घेतली जाई, आणि तिच्यामुळे उठणारी खाज व पुरळ हा बाईच्या जातीचा भोग ठरे.

या लपवाछपवीच्या मुळाशी विटाळाची कल्पना आहे, आणि तिची वंशावळ फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्राच्या ब्रह्महत्येचा एक अंश स्त्रियांनी स्वीकारल्याची कथा येते, आणि तिला जोडून रजस्वलेने तीन रात्री पाळावयाच्या निर्बंधांची यादी येते. त्या यादीत स्नान, अभ्यंग, केस विंचरणे आणि नखे काढणे यांच्याबरोबर सूत कातण्याचा व दोरी वळण्याचाही निषेध आहे. पुढे घरोघर जी वहिवाट रूढ झाली तीत या शास्त्राला वस्त्रांचे एक विलक्षण वर्गीकरण जोडले गेले: रेशीम व लोकर यांना विटाळ लागत नाही, सुताला लागतो. त्यामुळे बाजूला बसलेल्या आईकडे झेपावणाऱ्या तान्ह्या मुलाच्या अंगावरचे सुती झबले आधी काढून मग त्याला जाऊ देत. रेशमी किंवा लोकरी वस्त्र अंगावर असेल तर अडचण नसे. जे सूत तिची गरज भागवी तेच सूत विटाळाचे वाहक ठरावे, यात धर्मशास्त्रापेक्षा अधिक काही शोधण्याचा मोह होतो. तो येथे आवरतो.

भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत याच कल्पनेचे वार्षिक परिमार्जन होय. पाळीच्या दिवसांत कळत-नकळत झालेल्या स्पर्शदोषाच्या क्षालनासाठी स्त्रिया त्या दिवशी बैलाच्या श्रमावाचून पिकलेले अन्न खातात, आणि ज्या बाईने पाळीचा निर्बंध मोडला ती पुढल्या जन्मी कुत्री व तिचा पती बैल झाल्याची कहाणी ऐकतात. शेतकऱ्याच्या बायकोला बैलाचे ऋण आठवावे हे योग्यच. पण त्या ऋणाची सांगड तिच्या ऋतुधर्माशी कशी घातली गेली याचे नवल वाटते.

तथापि या गोदाखोऱ्यातच या कल्पनेला उघड उत्तरही दिले गेले होते, ही गोष्ट अभिमानाने नोंदवली पाहिजे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायी स्त्रियांना असे सांगितले की शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ येतात तसाच हाही एक स्राव आहे, तो येतो आणि थांबतो, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही. महानुभाव ग्रंथांत हे वचन जपलेले आहे. त्यानंतरच्या शतकात चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने आपल्या अभंगातून, ज्या विटाळापासून देह घडतो त्याच विटाळाने देह अपवित्र कसा ठरतो, असा थेट प्रश्न विचारला. पालमपासून काही कोसांवर असलेले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तेथील वारकरी स्त्रियांच्या ओठी सोयराबाईचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या असतील, पण ओठावरचा अभंग आणि गोठ्यातली घडी यांची भेट झाली नाही. आणि हेही सांगितले पाहिजे की मजुरीवर पोट असलेल्या घरांत तीन दिवस बाजूला बसण्याची चैन कधीच परवडली नाही. तेथील बाई पाळीतही निंदणीला जाई, भाकरी थापी, आणि देवघरापुरता विटाळ पाळी.

आता कापसाकडे वळू. १९०० साली सिकंदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि परभणी-नांदेडचा कापूस थेट मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. १९१८ साली निजाम सरकारच्या शेतकी खात्याने परभणी येथे मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन केले. तेथे या भागातील गावरानी कापसावर संशोधन झाले, आणि देशी वाणांत लांब धाग्याचा म्हणून या गावरानीचा गिरण्यांत लौकिक होता. सरकी निघालेल्या रुईच्या गाठी रेल्वेने जात, आणि त्यांतील काही अंश सोलापुरी वा इरकली लुगड्याच्या रूपाने परत येई. लुगडे सुती होते तोवर हे चक्र पुरे होते: शेतातले बोंड गिरणीत, गिरणीतले सूत लुगड्यात, लुगडे जुनेरात, जुनेर घडीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापड शिधापत्रिकेवर गेले तेव्हा या चक्राला ताण बसला, पण ते तुटले नाही.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास निराळीच घडामोड चालू होती. तेथेही स्त्रिया शतकानुशतके कापडच वापरीत. अमेरिकेत १८९६ साली जॉन्सन अँड जॉन्सनने टाकाऊ पट्ट्या बाजारात आणल्या, पण दुकानात जाऊन त्या मागण्याची लाज एवढी की माल खपला नाही. पहिल्या महायुद्धात जखमांवर लावण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेले शोषक द्रव्य वापरात आले, रुग्णालयांतील परिचारिकांनी ते आपल्या गरजेसाठीही वापरले, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या उत्पादनशक्तीचे काय करायचे या विवंचनेतून १९२० मध्ये ‘कोटेक्स’ जन्मास आले. म्हणजे टाकाऊ साधनाच्या जन्मामागे स्त्रीची तक्रार जेवढी होती, त्याहून कारखान्याची तक्रार मोठी होती. याउलट १९३७ साली लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने रबराच्या कपाचे पेटंट घेतले. तो धुऊन पुन्हा वापरता येई, पण दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तो मागे पडला. इकडे महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी उघड लिहीत होते व त्याबद्दल न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. पालमसारख्या गावात तो आवाज पोहोचण्याचा संभव अर्थातच थोडा होता.

घडीला खरा धक्का बसला तो नायलॉन व पॉलिएस्टरच्या साडीने. धुवायला हलकी, वाळायला जलद, इस्त्रीची गरज नसलेली आणि सुती लुगड्याहून टिकाऊ अशी ही साडी सत्तर-ऐंशीच्या दशकांत आठवडी बाजारांत पसरली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरील निर्बंध सैल केल्यावर ती स्वस्त झाली आणि सुती लुगडे ही वृद्धांची नेसण ठरली. सरकारने १९७६ पासून हातमागावरचे स्वस्त ‘जनता’ कापड विणवून घेतले, पण त्याने हा प्रवाह अडला नाही. मजूर स्त्रीने ही साडी आनंदाने स्वीकारली, आणि तिला त्याबद्दल दोष देणाऱ्याने एकदा ओले नऊवारी पिळून पाहावे. परंतु पॉलिएस्टर ओल शोषीत नाही. त्याची साडी जीर्ण झाली तरी तिचे जुनेर होत नाही; फाटली तर कुंपणाला बांधतात, शेतात बुजगावण्याला गुंडाळतात. ज्या घरात सुती लुगडे येईनासे झाले त्या घरात घडीसाठी कापड उरले नाही, आणि मग जे मिळेल ते, म्हणजे कृत्रिम धाग्याचा तुकडा किंवा जुन्या सदऱ्याचा मिश्र कपडा, वापरला जाऊ लागला. जाहिरातीतल्या नॅपकिनने कापडाचा पराभव केला अशी समजूत आहे. माझ्या मते नॅपकिन येण्यापूर्वीच कापड आतून हरलेले होते. ‘व्हिस्पर’ भारतात १९८९ साली आले, आणि पालमच्या दुकानात काळ्या पिशवीत बांधून मिळू लागायला त्यानंतरही काळ जावा लागला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या सुनेला सुती चिंधीची वाण पडावी, ही या विषयातील सर्वांत चमत्कारिक परिस्थिती आहे.

त्याच १९८९ साली गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे सारे रोग कापडामुळे झाले असे तो अभ्यास म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणू नये. पण ग्रामीण स्त्रीच्या सोसण्याला संख्येचा दाखला प्रथम मिळाला तो येथे.

पुढे सरकार या क्षेत्रात उतरले. २०१८ च्या महिलादिनी महाराष्ट्राने अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ नॅपकिनांचे पाकीट पाच रुपयांत देण्याची तरतूद केली, आणि विक्रीचे काम बचत गटांकडे सोपवले. त्याच वर्षीच्या जुलैत नॅपकिनांवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर उठला. हे उपक्रम स्वागतार्ह होते. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दप्तरात ‘आरोग्यदायी साधन’ या सदरात नॅपकिन, टॅम्पॉन व कप येतात, कापड येत नाही. २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के स्त्रियांनी नॅपकिन व ५० टक्के स्त्रियांनी कापड वापरत असल्याचे सांगितले. अनेकजणी दोन्ही वापरतात हे यातून उघड आहे. त्या कापडाचे धुणे-वाळवणे कसे होते, ते सुती की कृत्रिम, हे न पुसता त्याला अनारोग्याच्या रकान्यात ढकलणे म्हणजे गोठ्यातल्या अंधाराचा गुन्हा चिंधीच्या नावे रुजू करणे होय.

टाकाऊ साधनाचा भार शेवटी कोणाच्या हातावर पडतो हे पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी दाखवून दिले. त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने वापरलेली नॅपकिने कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, आणि एकदा तर गोळा झालेला हा कचरा उत्पादक कंपन्यांना परत पाठवला. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावे असे कलम आले. पालममध्ये घंटागाडीचा प्रश्न त्याहून साधा आहे: नॅपकिन उकिरड्यावर जाते, नाल्यात जाते, किंवा चुलीत जाते, आणि त्यातील प्लास्टिक यांपैकी कोठेही निर्धोकपणे नष्ट होत नाही.

आणि जेथे कापडही चालत नाही व नॅपकिनही, अशी एक जागा मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. ऊसतोडीला गेलेल्या टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड कापला जातो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, घडी बदलायला वेळ नाही. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये फुटली, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. साधनाची निवड करण्याऐवजी ज्या अवयवासाठी साधन लागते तोच काढून टाकण्याकडे गरिबी व खासगी दवाखाने यांनी मिळून या स्त्रियांना नेले.

अलीकडे शिवलेल्या, गुंडीच्या, धुऊन वापरायच्या सुती पॅडना पुन्हा मान मिळू लागला आहे. ‘गूंज’ या संस्थेने २००४ च्या त्सुनामीनंतर जुन्या सुती कपड्यांपासून स्वच्छ पॅड करून वाटायला आरंभ केला, ऑरोव्हिलच्या ‘इको फेम’ने २०१० पासून शिवलेले पॅड गावोगाव नेले, आणि २०२१ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा साधनांसाठी स्वतंत्र मानक मुक्रर केले. पालमच्या एखाद्या बचत गटाला शिलाई यंत्र व सुती फलालीन मिळाले तर हा माल करणे अवघड नाही. पण त्याला पाणी लागते आणि ऊन लागते. ऊन फुकट आहे, ते घेण्याचे धैर्य तेवढे हवे. पाण्याची गोष्ट निराळी, कारण २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि टँकरच्या दोन घागरींतून पिण्याचे काढायचे की धुण्याचे, हा प्रश्न या भागातल्या बायकांना नवा नाही.

या दृष्टीने सिलिकोनचा कप मराठवाड्याला सर्वांत मानवण्याजोगा आहे. तो पेलाभर पाण्यात धुतला जातो, वर्षानुवर्षे टिकतो, आणि २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या समीक्षेत ४३ अभ्यासांतील ३,३१९ जणींच्या अनुभवावरून तो सुरक्षित ठरला. केरळातील कुंबळंगी हे गाव २०२२ मध्ये कप वाटून नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाले. येथे मात्र अविवाहित मुलीच्या आईला तो सुचवणे कठीण, कारण कौमार्याची कल्पना आड येते; आणि विवाहितेच्या बाबतीत स्वयंपाकघर आड येते. कप पाळी येण्यापूर्वी आणि सरल्यावर पाण्यात उकळावा लागतो. त्या वेळी बाई बाजूला बसलेली नसते, तेव्हा शास्त्राच्या अक्षराने तिला चुलीपाशी जायला हरकत नाही. हरकत येते ती पातेल्याची, कारण त्यात पुढे कोणी डाळ शिजवू देणार नाही. वेगळे लहानसे पातेले घेणे हा त्यावर सोपा तोडगा आहे, पण ते पातेले कोणत्या फळीवर ठेवायचे याचा निवाडा अजूनही सासूच्याच अमलात आहे.